रक्त तपासणाऱ्या हातांना नीतीचे धडे

आमच्या अर्जुनी मोरगावसह पूर्व विदर्भात सिकलसेल हे नाव घराघरांत ठाऊक आहे. बौद्ध व आदिवासी समाजात हा आनुवंशिक आजार अधिक आढळतो. 1 जुलै 2023 रोजी त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. तपासणी हवीच. पण रक्त घेणाऱ्या भावी डॉक्टरांना नीती कोण शिकवणार?

वैद्यकीय विद्यार्थी दोन विद्या शिकतो. एक रोग्याला बरे करण्याची, दुसरी साऱ्या गावाचे आरोग्य राखण्याची. पहिली म्हणते, रोग्याचे गुपित राखा. दुसरीला गावाची मोजदाद हवी. ओढाताण होते ती इथेच. वर्गात सर्वांसमोर 'ही मुलगी वाहक' असे वाचून दाखवले, तर मोजदाद होईल. पण पुढे तेच तिच्या लग्नाच्या आड येईल.

वास्तविक वाहक म्हणजे रोगी नव्हे. जोडीदाराचे रक्त निर्दोष असेल तर मुलांना हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल जन्मण्याची शक्यता 25 टक्के असते. एवढे समजावून न सांगता नुसता कागद हाती देणे ही अर्धीच सेवा होय.

अमेरिकेतील काळ्या बांधवांनी हे भोगले आहे. 1970 नंतर तेथील काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. वाहकांनाही रोगी समजून नोकरी आणि विमा नाकारला गेला. हवाई दलाच्या अकादमीचे दार तर त्यांना 1981 पर्यंत बंद होते.

आपल्याकडे सेवाग्रामला 1969 साली सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाने विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी गावात मुक्कामाला नेण्याची प्रथा पाडली. 2019 च्या देशव्यापी अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता व संवाद हा भाग आला. पुढे विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेण्याचा नियमही झाला. गोंदियातही 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु नीती ही केवळ परीक्षेत गुण मिळवण्याची बाब नव्हे. ती उंबरठ्यावर शिकायची असते, आणि तिथले गुरुजन आपणच आहोत.

म्हणून बंधू-भगिनींनो, विद्यार्थी दारी आले तर त्यांना बसायला द्या, आणि विचारा: रक्त कशासाठी? अहवाल कोण पाहणार? आम्हाला तो कोण समजावणार? या प्रश्नांची उत्तरे नम्रपणे देणारा विद्यार्थीच उद्या समाजाचा डॉक्टर होईल.