अमेरिकेचे दुसरे स्वातंत्र्ययुद्ध

एखादे युद्ध अडीच वर्षे चालावे, हजारो माणसे त्यात प्राणास मुकावीत, एका राष्ट्राची राजधानी जळावी, आणि अखेरीस दोन्ही पक्षांनी जिंकलेला मुलूख परस्परांस परत करून जेथे होते तेथेच येऊन उभे राहावे, हे ऐकून कोणासही वाटेल की, असले युद्ध झाले काय नि न झाले काय, सारखेच! अमेरिकेची संयुक्त संस्थाने व ब्रिटन यांच्यामध्ये १८१२ साली सुरू झालेले युद्ध अशाच प्रकारचे होते. त्याचे महत्त्व नुसत्या नकाशावरून कळावयाचे नाही.

अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ साली स्वातंत्र्याची घोषणा केली व १७८३ च्या तहाने ब्रिटनने ते मान्य केले. परंतु कागदावर मान्य करणे निराळे आणि मनाने मान्य करणे निराळे. ब्रिटन त्या काळी नेपोलियनशी झुंजत होता. शत्रूचा व्यापार बुडविण्यासाठी त्याने तटस्थ राष्ट्रांच्या जहाजांवरही कडक निर्बंध घातले, आणि त्यांत अमेरिकन व्यापारी भरडले जाऊ लागले. याहून झोंबणारी गोष्ट दुसरीच होती. ब्रिटिश आरमारातील जिणे मोठे हलाखीचे. वेतन तुटपुंजे आणि शिक्षा चाबकाची. त्यामुळे कित्येक खलाशी पळून जाऊन अमेरिकन जहाजांवर चाकरी धरीत. त्यांना पकडण्यासाठी ब्रिटिश अधिकारी भर समुद्रात अमेरिकन जहाजे अडवीत, सर्व खलाशांना रांगेत उभे करीत, आणि ज्याचा संशय येई त्याला ओढून नेत. दोघांची भाषा एकच. तेव्हा इंग्रज कोण व अमेरिकन कोण, हे ठरविणार कसे? अशा रीतीने हजारो अमेरिकन नागरिक परक्या राजाच्या आरमारात सक्तीने राबविले गेले. १८०७ साली तर ‘लेपर्ड’ या ब्रिटिश जहाजाने ‘चेसापीक’ या अमेरिकन युद्धनौकेवरच तोफा डागल्या व तिच्यावरील चार खलाशी पकडून नेले. त्यांपैकी तिघे अमेरिकन होते. ज्या राष्ट्राच्या निशाणाखाली त्याचा स्वतःचा खलाशी सुरक्षित नाही, ते राष्ट्र स्वतंत्र कसले, असा प्रश्न अमेरिकेत उघडपणे विचारला जाऊ लागला.

अर्थात केवळ स्वाभिमानासाठीच हे युद्ध झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पश्चिम सरहद्दीवरील अमेरिकनांना नव्या जमिनी हव्या होत्या, आणि उत्तरेकडील कॅनडा हा ब्रिटिश मुलूख सहज हाती येईल, अशी कित्येकांची समजूत होती.

१८ जून १८१२ रोजी अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी युद्धाच्या घोषणेवर स्वाक्षरी केली. येथे दैवाचा एक विलक्षण खेळ दिसतो. दोनच दिवस आधी व्यापारावरील निर्बंध मागे घेण्याचे लंडनच्या पार्लमेंटात जाहीर झाले होते! परंतु त्या काळी तारायंत्र नव्हते. शिडाच्या जहाजातून बातमी महासागर ओलांडून येण्यास कित्येक आठवडे लागत. ती येईपर्यंत तलवारी उपसल्या गेल्या होत्या.

कॅनडा सहज जिंकण्याचे स्वप्न लवकरच विरले. पहिल्याच उन्हाळ्यात डेट्रॉइटचा किल्ला अमेरिकन सेनापतीने ब्रिटिशांच्या स्वाधीन केला. समुद्रावर मात्र उलट घडले. अमेरिकेजवळ मोठ्या युद्धनौका वीसही नव्हत्या, तर ब्रिटनजवळ शेकडो होत्या. तरीही ‘कॉन्स्टिट्यूशन’ या नौकेने ऑगस्ट १८१२ मध्ये ‘गेरिअर’ या ब्रिटिश जहाजाचा पाडाव केला. तिच्या भक्कम ओक लाकडावर आदळून तोफगोळे परत उडाले, म्हणून खलाशांनी तिला ‘लोखंडी कुशीची’ असे लाडके नाव दिले.

पुढील वर्षी अमेरिकन सैन्याने कॅनडातील यॉर्क, म्हणजे आजचे टोरोंटो, येथील विधिमंडळाची इमारत जाळली. २४ ऑगस्ट १८१४ रोजी ब्रिटिशांनी वॉशिंग्टनमध्ये शिरून अध्यक्षांचा वाडा व संसदभवन पेटवून दिले. पळून जाण्यापूर्वी अध्यक्षांच्या पत्नी डॉली मॅडिसन यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांचे मोठे चित्र वाचविण्याचा हुकूम दिला. चौकट निघेना, तेव्हा ती फोडून चित्र बाहेर काढण्यात आले. तीन आठवड्यांनी बाल्टिमोरच्या किल्ल्यावर ब्रिटिश जहाजांनी सुमारे पंचवीस तास गोळ्यांचा वर्षाव केला. तरी सकाळी किल्ल्यावर अमेरिकेचेच निशाण फडकत होते. ते दृश्य समुद्रावरून पाहणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने जी कविता लिहिली, तीच १९३१ साली अमेरिकेचे राष्ट्रगीत झाली.

ब्रिटनलाही आता या युद्धाचा कंटाळा आला होता. अमेरिकेत जाऊन सेनापतिपद स्वीकाराल काय, असे ड्यूक ऑफ वेलिंग्टनला विचारण्यात आले. १८०३ साली असईच्या रणांगणावर मराठ्यांशी लढलेला वेलस्ली तो हाच. त्याने सरकारला स्पष्ट सांगितले की, युद्धाची आजची स्थिती पाहता अमेरिकेकडून मुलूख मागण्याचा आपणास अधिकार पोहोचत नाही. अखेर २४ डिसेंबर १८१४ रोजी युरोपातील गेंट या शहरी तह झाला. पण पुन्हा बातमीला उशीर झाला! तहावर सह्या होऊन पंधरा दिवस लोटल्यावर, ८ जानेवारी १८१५ रोजी, न्यू ऑर्लिन्स येथे अँड्र्यू जॅक्सनच्या सैन्याने ब्रिटिशांचा दारुण पराभव केला. त्यांचे सुमारे दोन हजार सैनिक ठार, जखमी वा कैद झाले. मृतांत त्यांचा सेनापती पॅकेनहॅम हाही होता; तो वेलिंग्टनचा मेहुणा. एवढ्यानेही संपले नाही. ३० जून १८१५ रोजी, जावा बेटाजवळच्या सुंदा सामुद्रधुनीत, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातील ‘नॉटिलस’ या जहाजाची अमेरिकन ‘पीकॉक’शी गाठ पडली. तह झाल्याचे ‘नॉटिलस’वरील अधिकाऱ्याने ओरडून सांगितले, पण अमेरिकन कप्तानास ते पटेना. गोळागोळी झाली, माणसे मेली, आणि मग कागदपत्रे पाहून जहाज सोडून देण्यात आले.

वॉशिंग्टनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या विजयाची वार्ता आधी आली व तहाची नंतर. त्यामुळे आपण युद्ध जिंकलो, अशीच लोकांची भावना झाली. तह तसे सांगत नव्हता. परंतु ही भावनाच पुढे मोलाची ठरली. युद्धाला विरोध करणाऱ्या ईशान्येकडील संस्थानांचा आवाज दबला आणि ‘आम्ही एक राष्ट्र आहोत’ ही जाणीव दृढ झाली. अमेरिकन जहाजांवरून खलाशी ओढून नेणेही बंद पडले. तहात त्याविषयी अक्षर नव्हते. पण नेपोलियनशी चाललेला झगडा संपल्याने ब्रिटनला त्यांची गरजच उरली नव्हती. कॅनडातील लोकांनाही, आपण मिळून आपला देश राखला, हा अभिमान लाभला. १८१७ च्या करारान्वये दोन्ही पक्षांनी सरहद्दीवरील सरोवरांतून लढाऊ नौका जवळजवळ काढून घेतल्या. त्यानंतर त्या दोन राष्ट्रांत पुन्हा युद्ध झाले नाही.

मात्र या युद्धात ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांचा प्रतिनिधी गेंटच्या मेजाशी नव्हता. ते होते त्या भूमीचे मूळ रहिवासी. शॉनी जमातीचा पराक्रमी पुढारी टेकम्सेह याने निरनिराळ्या जमातींना एकत्र आणून, आपली भूमी तुकड्यातुकड्याने विकू नका, असा उपदेश केला होता. तो ब्रिटिशांच्या बाजूने लढला. ५ ऑक्टोबर १८१३ रोजी कॅनडातील थेम्स नदीकाठच्या लढाईत ब्रिटिशांची फळी लवकरच फुटली. टेकम्सेह मात्र लढत राहिला व तेथेच पडला. त्याच्या लोकांसाठी स्वतंत्र प्रदेश राखून ठेवावा, ही मागणी ब्रिटनने तहाच्या वाटाघाटीत प्रथम मांडली आणि मग सोडून दिली. तहाच्या नवव्या कलमात, या जमातींना १८११ साली जे हक्क होते ते परत मिळतील, असे वचन लिहिले गेले. ते पाळले गेले नाही. पुढे न्यू ऑर्लिन्सचा विजयी वीर जॅक्सन अमेरिकेचा अध्यक्ष झाला, आणि १८३० साली त्याच्याच सहीने झालेल्या कायद्यान्वये हजारो कुटुंबांना वाडवडिलांची भूमी सोडून मिसिसिपी नदीपलीकडे जावे लागले.