ग्रॅमभराचे टनभर होताना

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, रसायनशास्त्राच्या दारात थोडे बिचकतच आलो आहोत. पण प्रश्न ओळखीचा आहे : लहान वस्तू मोठी केली, की ती तीच राहते का?

हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रात साधारण दोन गाळण्या असतात. एक धूळ अडवते. दुसरीत सच्छिद्र पदार्थ, बहुधा सक्रिय कोळसा असतो. तो वायू धरतो. पाण्यात वायू विरघळतो तसा इथे तो मुरत नाही, छिद्रांच्या भिंतींवर चिकटून बसतो. हे अधिशोषण. चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅममध्ये अशा भिंती सुमारे १,००० चौरस मीटर भरतात. म्हणजे चिमूटभर कोळशात दहा गुंठे!

१९९९ मध्ये ओमर यागी यांच्या गटाने एमओएफ-५ ही धातू आणि सेंद्रिय रेणूंची चौकट जाहीर केली. तिचे क्षेत्रफळ कोळशाच्या दुप्पट-तिप्पट. अशा चौकटींच्या कामासाठी २०२५ चे नोबेल कितागावा, रॉबसन आणि यागी यांना मिळाले. मग ती घरोघरच्या गाळणीत का नाही?

आता बघा, चौघांचा भात जमतो म्हणून चारशे जणांचा जमेलच असे नाही. खाली करपतो, वर कच्चा राहतो. गॅलिलिओने १६३८ मध्येच दाखवले, की आकार वाढताना घनफळ पृष्ठभागापेक्षा वेगाने वाढते. म्हणून मोठ्या पिंपातली उष्णता लवकर बाहेर पडत नाही, सगळीकडे सारखे स्फटिक बनत नाहीत. बरं, बनली ती भुकटी. तिच्यातून हवा ढकलायला पंख्याला फार जोर लागतो. गोळ्या वळाव्यात, तर चिकटवणारा पदार्थ काही छिद्रेच बुजवतो. त्यात एमओएफ-५ दमट हवेत मोडते.

उलट कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठातून आलेले काल्फ-२० पाहा. क्षेत्रफळ जेमतेम पाच गुंठे! पण घटक सहज मिळणारे, आणि वाफेतही ते टिकते. कारखान्यांच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड धरण्यासाठी ते आता टनांच्या हिशोबात बनते. प्रयोगशाळेतला ‘उत्तम’ आणि वापरातला ‘उत्तम’ हे असे वेगळे निघतात.

हे आपल्या श्वासाशी जोडलेले आहे. जाहिरातीत छिद्रांची महती असते. आपण मात्र विचारायचे : आत कोळसा किती ग्रॅम, आणि बदलायचा केव्हा? कारण भिंती भरल्या की नवा वायू बसत नाही. गाळणी तापली, तर बसलेलाही उठून खोलीत येतो. आणि यंत्र तर चालूच दिसते.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर घेऊ.