गाडी ठणठणीत, घरात अंधार

गुहागरच्या किनाऱ्यावर मुक्काम. रात्री दोनच्या सुमारास कॅम्पर व्हॅनमधला फ्रीज बंद पडतो. दिवे त्याआधीच मंदावलेले. पुण्याहून गाडी दिवसभर चालत आलेली, म्हणजे बॅटरी भरलेली असायला हवी. सकाळी मात्र किल्ली फिरवताच पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू होतं. अशा फिरत्या घरांसाठी महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं, पण वाटेतल्या गॅरेजमध्ये हा दोन बॅटऱ्यांचा संसार उलगडून सांगणारा मिस्त्री भेटेलच असं नाही.

एक बॅटरी इंजिनाची. तिच्या प्लेट्स पातळ पण पुष्कळ. सेल्फ मारताना काही सेकंद शेकडो अँपिअर देणं एवढंच तिचं काम. दुसरी घराची, जाड प्लेट्सची. दिवे, पंखा, पाण्याचा पंप, फ्रीज हे सगळं तासन्‌तास तिच्यावर चालतं. दोघींच्या मध्ये रिले. इंजिन चालू झालं आणि व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं की तो दोघींना जोडतो, १२.८ च्या खाली आलं की तोडतो. म्हणून फ्रीजने घरची बॅटरी रात्रीत उतरवली तरी सकाळी गाडी सुरू होते.

फ्रीज थांबला की बॅटरी गेली, असा निकाल लागतो. नवी बॅटरी येते आणि चार दिवसांत तीही बसते. हा खर्च अनेकदा टाळता येतो, तोही साध्या मल्टिमीटरने.

इंजिन चालू ठेवून मीटर आधी पहिल्या बॅटरीला लावायचा, मग दुसरीला. दोन्हीकडे चौदाच्या आसपास आकडा आला तर चार्जिंग पोचतंय, बॅटरीच तपासावी. दोन्हीकडे साडेबाराच राहिला तर अल्टरनेटरकडे वळावं. आणि पहिलीवर १४.२, दुसरीवर १२.३ असेल, तर दोष वाटेत आहे: रिले, फ्यूज, वायर किंवा अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला केलेली जोडणी.

वाटेतला दोष शोधणं हेच खरं कसब. फ्यूज बाहेर काढून पाहिला तर धड दिसतो, मीटरही त्याच्या दोन्ही बाजूंना व्होल्टेज दाखवतो. पण मीटर स्वतः जवळपास करंट ओढत नाही. वायरीची एकच तार शाबूत असली तरी त्याला ते पुरतं. जुने ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणूनच टेस्ट लॅम्प जवळ ठेवतात. बल्बला खराखुरा करंट लागतो, सांधा कच्चा असेल तर तो मंद जळतो. मीटरच वापरायचा तर चार्जिंग चालू असताना त्याच्या दोन्ही पिना फ्यूज होल्डरच्या दोन टोकांना लावाव्यात. आकडा शून्याच्या जवळ हवा. तिथे १.४ व्होल्ट दिसले आणि १० अँपिअर जात असले, तर १४ वॅट उष्णता त्या चिमुकल्या होल्डरमध्येच मुरते आहे. झाकण उघडलं की प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, आतली पितळी पट्टी हिरवट. खाऱ्या हवेत अर्थचा सांधाही असाच गंजतो, पण तिकडे शेवटी लक्ष जातं.

कधी सांधे चांगले असतात, वायरच बारीक असते. तांब्याच्या ६ चौरस मिलिमीटर वायरीतून ३० अँपिअर जाऊन-येऊन १२ मीटर फिरले, की जवळपास १ व्होल्ट वाटेतच गळतो. उरलेल्या व्होल्टेजवर बॅटरी दिवसभरातही पुरती भरत नाही.

नव्या गाड्यांत एक वेगळी अडचण येते. युरोपात युरो ६ च्या अनेक गाड्यांमध्ये स्मार्ट अल्टरनेटर असतो. इंधन वाचवायला तो व्होल्टेज मुद्दाम उतरवतो, ब्रेक मारताना चढवतो. अशा गाडीत साडेबाराचा आकडा बिघाडाचाच असेल असं नाही, पण रिले मात्र मधेच जोडणी तोडतो. तिथे रिले काढून, कमी व्होल्टेज वाढवून घरच्या बॅटरीला देणारा डीसी-टू-डीसी चार्जर बसवावा लागतो.

उभ्या गाडीत बॅटरी उतरत असेल तर शोध वेगळा. अलार्म किंवा म्युझिक सिस्टिमने ५० मिलिअँपिअर सतत ओढले तर महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात, म्हणजे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त.

गुहागरच्या त्या गाडीत दोष फ्यूज होल्डरमध्ये सापडला, तर आधी इंजिन आणि चार्जर बंद करावेत, मग दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह वायरी सोडवाव्यात. नवा होल्डर, घासून चकचकीत केलेले लग, घट्ट आवळलेले नट. इंजिन पुन्हा सुरू होतं, रिले टक करतो आणि घरच्या बॅटरीवरचा आकडा १२.३ वरून हळूहळू वर सरकू लागतो.