एक धूर, दोन न्याय

डिझेलच्या मोटारीला युरोपने ज्या काळात अभय दिले, त्याच काळात कॅलिफोर्नियाने तिच्यावर जवळजवळ बंदीच यावी इतके कठोर नियम केले. आणि या विरोधाचे मूळ शोधू गेल्यास ते प्रथम इंजिनाच्या उदरातच सापडते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. या दाबामुळे तेवढ्याच अंतराला इंधन कमी लागते, कार्बन डायऑक्साइडही कमी निघतो. परंतु त्याच प्रखर उष्णतेत हवेतील नायट्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो, आणि त्यातून उपजणाऱ्या ऑक्साइडांचे निवारण करणारा पेट्रोल मोटारीतील त्रिमार्गी उत्प्रेरक, डिझेलच्या धुरात प्राणवायू शिल्लक असल्यामुळे, तेथे निष्प्रभ ठरतो.

कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसला डोंगरांचा वेढा आहे, ऊन मुबलक आहे, आणि वरच्या उबदार थराखाली हवा कोंडून राहते. १९४३ साली तेथे डोळ्यांना झोंबणारे धुरके पसरले, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे व हायड्रोकार्बने यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो, हे पुढील दशकात आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने सिद्ध केले. ज्या मुलुखाने हे भोगले, त्याच्या अंमलदारांनी डिझेल व पेट्रोल दोहोंना एकच मर्यादा लावली, यात नवल नाही.

युरोपची चिंता मुख्यतः तापणाऱ्या पृथ्वीची होती, आणि ती खरी होती. १९९८ मध्ये तेथील उत्पादकांनी २००८ पर्यंत नव्या मोटारींचा कार्बन डायऑक्साइड सरासरी किलोमीटरला १४० ग्रॅमवर आणण्याचे कबूल केले; अनेक सरकारांनी डिझेलवरील कर हलका ठेवला. मात्र २००९ पासून लागू झालेल्या युरो ५ नियमांत पेट्रोल मोटारीला नायट्रोजन ऑक्साइडांची किलोमीटरला ६० मिलिग्रॅमची मर्यादा असताना डिझेलला १८० मिलिग्रॅमची मुभा होती. हवामानाचे हित साधताना शहरवासीयांच्या फुप्फुसांवर टाकलेला हा भार मला अक्षम्य वाटतो. फोक्सवागेनने तर चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरता धूर शुद्ध करणारी आज्ञावली गाड्यांत बसवली. २०१५ मध्ये ती अमेरिकेत उघडकीस आली.

आपले भारत स्टेजचे नियम युरोपच्याच साच्यातले. एप्रिल २०२० पासूनच्या सहाव्या टप्प्याने मर्यादा पुष्कळ आवळली. तरी पेट्रोलला ६० आणि डिझेलला ८० मिलिग्रॅम हा भेद उरलाच आहे. श्वास घेणाऱ्याला इंधनाचा भेद कळत नाही. म्हणून ही उरलेली सवलतही सरकारने काढून घ्यावी.