दाखला येईल तेव्हा येईल, हात आजच हलवा

गेल्या आठवड्यात एक ऊसतोड जोडपे माझ्या दवाखान्यात आले. नवरा पंचेचाळिशीचा. आठ महिन्यांपूर्वी अंगावरून वारे गेले, म्हणजे अर्धांगवायू झाला, आणि उजवी बाजू लुळी पडली. बायकोने पिशवीतून कागद काढले. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, निराधारचा पगार सुरू करायला दाखला लागतो म्हणतेत. तुम्हीच लिहून द्या की."

मी हात पाहिला. खांदा आखडलेला, कोपर छातीशी मिटलेले, मूठ घट्ट. "व्यायाम करता का?" असे विचारल्यावर ती क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "हात सुधारला तर टक्के कमी होत्याल ना?"

वाचकहो, हा प्रश्न मला यापूर्वीही अनेकांनी विचारला आहे. म्हणून हा लेख.

प्रथम दाखल्याविषयी. माझ्यासारख्या खाजगी डॉक्टरच्या चिठ्ठीला या कामी किंमत नाही. अपंगत्वाचे प्रमाणपत्र सरकारने नेमलेले वैद्यकीय अधिकारी देतात आणि २०२१ पासून त्यासाठी 'स्वावलंबन' या संकेतस्थळावरच अर्ज करावा लागतो. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ केले. बहुतेक सवलतींसाठी निदान ४० टक्के अपंगत्व लागते.

आता वेळेचे. २०१७ च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी एक महिन्याची मुदत होती. २०२४ मध्ये ती तीन महिने करण्यात आली. दोन वर्षे निर्णय झाला नाही तर अर्ज बाद होतो व पुन्हा नव्याने करावा लागतो. प्रमाणपत्र मिळाले की मग तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. तेथे उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा पुरावा आणि समितीची मंजुरी. २०२५ मध्ये राज्य सरकारने अपंग लाभार्थ्यांचे अनुदान दरमहा १५०० वरून २५०० रुपये केले. गरिबाला ही रक्कम लहान नाही.

आपल्या चकलांबा भागाची अडचण वेगळीच. दसरा झाला की टोळ्या कारखान्याला जातात. या जोडप्याला तपासणीची तारीख आली तेव्हा ते पट्ट्यात होते. घरी सांभाळणारे कोणी नाही म्हणून आजारी माणूसही कोपीवरच. तारीख हुकली. म्हणून टोळी गावी परतताच, उन्हाळ्यातच अर्ज करावा. मोबाईल नंबर घरातल्याच माणसाचा द्यावा, अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा नको. दवाखान्यातून सुटतानाचे कार्ड, तपासण्यांचे अहवाल व अर्जाची पोच यांच्या झेरॉक्स जपून ठेवाव्यात. तात्पुरते प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्यावरची मुदत वाचून ठेवावी.

पण कागद थांबतो, शरीर थांबत नाही. अर्धांगवायूनंतर पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत जास्त होते. त्या काळात सांधे हलवले नाहीत तर ते आखडतात आणि पुढे कितीही पगार मिळाला तरी तो हात उघडत नाही. लुळ्या बाजूचा प्रत्येक सांधा दिवसातून दोन-तीन वेळा, दुखेपर्यंत न ताणता, सावकाश हलवावा. रोग्याला उठवताना लुळा हात धरून ओढू नये. अंथरुणाला खिळलेल्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीला जखमा होतात. रक्तदाबाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, दुसरा झटका त्यातूनच येतो. शक्य असेल तर सरकारी दवाखान्यात व्यायामतज्ज्ञाला दाखवावे.

टक्क्यांचे उत्तर मी त्या बाईला असे दिले, "बाई, महिन्याला अडीच हजार मिळतील, पण उजव्या हाताने घास घेता आला तर तुमचा निम्मा दिवस मोकळा होईल. शिवाय व्यायामाने आजार नाहीसा होत नाही. खरे अपंगत्व उरले तर त्याचे टक्के मिळतीलच."

यात चूक माझीही आहे. झटका आला तेव्हा ते प्रथम माझ्याकडेच आले होते. मी त्यांना मोठ्या दवाखान्यात पाठवले, पण परत आल्यावर काय करायचे ते सांगायचे राहून गेले. आता रोज संध्याकाळी तो माणूस दवाखान्याच्या ओट्यावर येतो आणि डाव्या हाताने उजवा हात उचलतो. मूठ अजून उघडलेली नाही. खांदा मात्र थोडा सैल झाला आहे.

तुमच्या घरात असा कोणी रोगी असेल तर अर्ज जरूर करा. पण व्यायाम आज संध्याकाळपासूनच सुरू करा.