खर्जातली माणसं

गाणं लागलं की माझा कान आधी खाली जातो. गायकाच्या आवाजाआधी, व्हायोलिनच्या ताफ्याआधी मला बेस ऐकू येतो, आणि तो सापडला नाही तर गाणं अधांतरी वाटतं. हा नाद मला मंडईच्या नाटकांनी लावला. भाऊबीज झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, आणि गावात शंकरपट असेल तर विचारूच नका. झाडीपट्टीच्या रंगभूमीची ओळख विदर्भातल्या वाचकाला करून द्यायला नको. तिथल्या संगीतात बेस गिटार नव्हती. रंगमंचासमोर ऑर्गनवाला आणि तबलजी बसायचे. ऑर्गनवाल्याचा उजवा हात पदाची चाल सांभाळायचा आणि डावा हात खाली एखादा सूर दाबून धरायचा. जमिनीवर बसलेल्या शेवटच्या माणसाच्या अंगापर्यंत पोचायचा तो हा डावा हात आणि डग्ग्याची घुमार.

पुढे रेडिओवरच्या हिंदी गाण्यांतही मी तोच डावा हात शोधू लागलो. तो ऐकू यायचा, पण वाजवणाऱ्याचं नाव मिळायचं नाही. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार एवढेच छापलेले. बेसवाल्याला तर पडद्यावरही जागा नसे; नायक गिटार हातात घेऊन नाचतो, बेस घेऊन कोण नाचणार?

बेस नेमकं काय करतो हे एकदा कळलं की हा अन्याय फार खुपतो. गायक एकच सूर लांबवत असेल आणि त्याखालचा सूर बेसवाल्यानं बदलला, तर वरचा तोच सूर आनंदाचा उदास होतो. तालाचा पहिला ठोका कुठे पडला आणि रागरंग कुठला, हे दोन्ही एकाच बोटानं सांगणारा वाद्यवृंदातला हा एकटा माणूस. आपल्या रागसंगीताला त्याची गरज पडली नाही, कारण तिथे तानपुऱ्याचा षड्ज जागचा हलत नाही. सिनेसंगीतात कॉर्ड आल्या, त्या हलू लागल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर हलणारा माणूस लागला. तो बहुतेक वेळा गोव्याहून आला. तिथल्या चर्चच्या शाळांत पाश्चात्त्य लिपीतलं संगीत वाचायला शिकलेली मुलं आधी हॉटेलांच्या जॅझ बँडांत शिरली आणि मग स्टुडिओत.

१९५१ हे साल मला या सगळ्या कथेत फार आवडतं. त्या वर्षी अमेरिकेत लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस ही विजेची बेस गिटार बाजारात आणली. माणसाच्या उंचीचा डबल बेस पाठीवर वाहणाऱ्यांची त्यानं सुटका केली. त्याच वर्षी मुंबईत ‘अलबेला’ आला. त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र पुणतांब्याचे, पण संगीताचे धडे त्यांनी नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडेही घेतले होते. वसंतराव देशपांडे त्यांचे गुरुबंधू. सप्रे गुरुजींच्या तालमीतला हा माणूस गोव्याच्या चिक चॉकलेटला, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ या ट्रंपेटवाल्याला, सोबत घेऊन हिंदी गाण्यात स्विंग घेऊन आला, याचा वैदर्भीय म्हणून मला अभिमान वाटतो.

मधली पंधरा वर्षं मी भराभर ओलांडतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बेस गिटार मुंबईच्या स्टुडिओत रुळली आणि आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ या वादकाच्या हातात ती बोलू लागली. पंचमदांच्या तालाविषयी बोलताना आपण मारुतीराव कीर यांचं नाव घेतो, घ्यायलाच हवं. पण तबल्याचे ते बोल ज्या पायावर उभे असत तो पाया बेसचा होता, आणि टोनी वाझ यांचं नाव आजही फक्त दर्दी लोकांना ठाऊक आहे.

हे आपल्याकडेच घडलं असं नाही. अमेरिकेत मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमरसन बेस वाजवत होता. तार तो बहुधा उजव्या हाताच्या एकाच तर्जनीनं छेडायचा, आणि त्या एका बोटातून निघालेल्या वळणदार चालींवर पुढच्या पिढ्यांचे बेसवादक शिकले. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीनं त्याचं ऋण उघड मान्य केलं आहे. पण मोटाऊनच्या तबकडीवर वादकांची नावं पहिल्यांदा छापली गेली ती १९७१ साली, मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. १९८३ मध्ये जेमरसन गेला तेव्हा जगाला त्याची जेमतेम ओळख होती. त्याच्यावरचं पुस्तक १९८९ मध्ये आलं.

माझा शोध मात्र सगळ्यात जास्त रेंगाळला तो चरणजित सिंग यांच्यापाशी.

चरणजित सिंग मुंबईचे. सिनेमाच्या वाद्यवृंदांत ते गिटार वाजवत, बेस वाजवत, ट्रान्झिकॉर्ड हे विजेवर चालणारं अकॉर्डियनसारखं वाद्य वाजवत आणि पुढे सिंथेसायझर. लग्नसमारंभांत त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद असे. सिनेमातल्या चालींच्या वाद्यसंगीताच्या तबकड्याही त्यांनी काढल्या. अशा कष्टाळू, हरहुन्नरी वादकांची मुंबईत वाण नव्हती. वेगळं घडलं ते १९८२ मध्ये. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीनं त्यांची एक तबकडी काढली: ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’. ‘कुर्बानी’ येऊन दोन वर्षं झाली होती, नाझिया हसनचा आवाज घराघरात होता, ‘डिस्को डान्सर’ त्याच डिसेंबरात येणार होता. डिस्कोची साथ सगळीकडे पसरलेली असताना तबला बाजूला ठेवून, डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवायचे, असा हा बेत.

त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रं वापरली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर सुरावटीसाठी, टीआर-८०८ हे ठेक्यासाठी आणि टीबी-३०३ बेससाठी. या तिसऱ्या यंत्राकडे जरा जवळून पाहू. चंदेरी प्लास्टिकची छोटी पेटी, बॅटरीवरही चालणारी. खाली एका सप्तकाच्या इवल्याशा पट्ट्या, वर सहा खुंट्या. तादाओ किकुमोतो या अभियंत्यानं ती घडवली ती एकट्यानं रियाज करणाऱ्या गिटारवादकाला बेसवाल्याची सोबत मिळावी म्हणून. सोळा घरांची एक ओळ आधी भरून ठेवायची: सूर वेगळे भरायचे, त्यांची लांबी वेगळी भरायची, कुठल्या सुरावर जोर आणि कुठून कुठे घसरत जायचं तेही वेगळं. हे काम इतकं किचकट होतं की गिऱ्हाईक कंटाळलं. आवाजही खऱ्या बेस गिटारसारखा नव्हता. १९८४ मध्ये कंपनीनं यंत्र बंद केलं. तोवर सुमारे दहा हजार नग बनले होते.

बेसवाल्याची जागा घ्यायला बनवलेलं हे यंत्र मुंबईत एका बेसवाल्याच्याच हाती पडलं. त्यानं त्यात काय पाहिलं असेल? माझं उत्तर आहे: मींड. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाण्याची सोय त्या पेटीत होती. पेटी-हार्मोनियमला जे साधत नाही ते या बॅटरीच्या खेळण्याला थोडंफार साधत होतं. उणिवा होत्याच. बारा ठोकळेबाज सुरांच्या यंत्रात तोडीचा अतिकोमल गंधार मिळणार नाही, आणि ज्यांना तो हवा त्यांना ही तोडी खटकेल. मला स्वतःला खटकते.

पण रागांची यादी पाहा. ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस. कलावती म्हटला की मराठी कानात प्रभा अत्रे गाऊ लागतात. तिथे आणि भूपालीत बेसवाल्याची अडचण नाही, कारण षड्ज आणि पंचम ही त्याची दोन पावलं दोन्ही रागांत आहेत. ललतात आणि मालकंसात पंचमच नाही. ज्याचं आयुष्य षड्ज-पंचमावर उभं राहण्यात गेलं, त्याला इथे एका पायावर उभं राहायचं आहे, म्हणजे मध्यमाचा आधार घ्यायचा आहे. मालकंसासाठी तानपुराही मध्यमात लावतात तो याचसाठी. शिवाय राग म्हटला की षड्ज हलणार नाही, कॉर्ड बदलणार नाहीत. बेसवाल्याचं अर्धं काम तिथेच संपलं. उरतं ते एवढंच: रागाच्या चौकटीतले चार-पाच सूर घेऊन खालच्या सप्तकात एक ओळ विणायची आणि ती फिरवत राहायची.

तबकडी पडली. कुणी तिची दखल घेतली नाही, आणि चरणजित सिंग आपल्या कामाला लागले.

तिकडे शिकागोत, १९८७ मध्ये, फ्यूचर नावाच्या तरुणांच्या गटानं ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही तबकडी काढली. त्यांच्याकडे टीबी-३०३ होतं आणि त्यांनी त्याच्या खुंट्या वाजता वाजता पिरगाळल्या, तेव्हा जो चिरकत, फुगत जाणारा आवाज निघाला त्यातून ॲसिड हाऊस नावाचा प्रकार जन्मला आणि युरोपभर पसरला. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीच्या एका दुकानात चरणजित सिंग यांची तबकडी सापडली. २०१० मध्ये त्यानं ती पुन्हा प्रसिद्ध केली. आणि वाद पेटला. काहींना ही चक्क बनवाबनवी वाटली. एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकारानं भारतीय नावाआड दडून केलेला खेळ असावा, अशीही शंका घेतली गेली. दुसऱ्या टोकाला, ॲसिड हाऊसचा जनक मुंबईचा, अशी द्वाही फिरवणारे होते.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. शिकागोच्या मुलांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. न ऐकलेल्या माणसाचा प्रभाव कसा पडेल? मग साम्य आलं कुठून? यंत्र एकच होतं, आणि दोन्हीकडे मूळ सूर न हलवता एकच ओळ फिरवत राहण्याची शिस्त होती. शिकागोत ती नाचघराच्या गरजेतून आली, मुंबईत रागाच्या नियमातून. चरणजित सिंग यांना जनक म्हणण्याच्या भरात त्यांनी खरोखर जे केलं ते झाकलं जातं. कॉर्डच्या मागे धावणाऱ्या बेसला त्यांनी षड्जाच्या ताब्यात दिलं. हे त्यांच्याआधी यंत्रावर कुणी केल्याचं मला कुठे आढळलं नाही. उतारवयात त्यांना युरोपात मैफिलींची बोलावणी आली, तरुण श्रोते त्यांच्या रागांवर नाचले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत ते गेले.

चरणजित सिंग यांच्या तीन यंत्रांपैकी दुसरं, टीआर-८०८, आपल्याकडे अजून जिवंत आहे. त्याच्या ढोलाचा खोल, लांबत जाणारा धक्का पुढे जगभर बेस म्हणूनच वापरला गेला, आणि आज भंडाऱ्यात, तुमसरात, पवनीत वरातीपुढे डीजेची गाडी निघते तेव्हा छातीवर बसतो तो धक्का त्याच घराण्यातला. त्याच्या मोठेपणाबद्दल माझी तक्रार नाही. वरच्या गाण्याशी त्याचं नातं उरलेलं नसतं, ही तक्रार आहे. गाणं कुठल्याही पट्टीतलं असो, खाली तोच एक ठोसा.

नात्यानं वाजवणारी माणसं मात्र आहेत. रहमान यांच्या गाण्यांतले चेन्नईचे कीथ पीटर्स मला नेहमी सावकाश वाजवणारे, जागा सोडणारे म्हणून आवडत आले आहेत. आणि मोहिनी डे. १९९६ मध्ये मुंबईत जन्मलेल्या मोहिनीचे वडील सुजय डे स्वतः बेसवादक. त्यांनीच तिला अगदी लहानपणी शिकवायला घेतलं. कर्नाटक संगीतातले तालाचे बोल ती तोंडानं म्हणते आणि त्याच क्षणी बेसवर काढते. २०२३ मध्ये तिच्या स्वतःच्या नावाची तबकडी आली. तिची गती थक्क करते, पण मी थांबतो तो ती मंद लयीत एकच सूर पिकू देते तिथे.

चरणजित सिंग यांची तबकडी आता सहज ऐकायला मिळते. सुरुवात ललतापासून करा, यमनानं नको. यमन ओळखीचा असल्यामुळे कान वरच्या सुरावटीतच अडकतो. आणि मोबाइलच्या स्पीकरवर तर अजिबात नको. बेस गिटारची सर्वात खालची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते, आणि तेवढा खोल आवाज त्या इवल्या स्पीकरला काढताच येत नाही. चांगले इअरफोन लावा, किंवा घरात जुना मोठा स्पीकर असेल तर तो काढा, आणि पहिल्यांदा ऐकताना वरची सुरावट सोडून फक्त खालच्या ओळीमागे जा.