आग लागली की लावली?

पुण्याजवळच्या हिंजवडीत १९ मार्च २०२५ रोजी टेम्पो ट्रॅव्हलर पेटून चार कर्मचारी मृत्युमुखी पडले. आधी हा अपघात वाटला. नंतर चालकानेच आग लावल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला.

जळून झालेल्या मृत्यूत शवविच्छेदनाचा पहिला प्रश्न असतो: आगीच्या वेळी माणूस जिवंत होता का? श्वासनलिकेतली काजळी आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड तो जिवंत असल्याचे दाखवतात. वळलेल्या मुठी, आखडलेले हातपाय हा मात्र झटापटीचा पुरावा नव्हे. उष्णतेने स्नायू आकसतात.

भाजलेली व्यक्ती काही काळ जगली, तर तिने दिलेला जबाब तिच्या मृत्यूनंतर मृत्युपूर्व जबानी ठरतो. डॉक्टरांचा दाखला नसला, तरी ती व्यक्ती जबाब देण्याच्या मनःस्थितीत असल्याची जबाब घेणाऱ्याची खात्री असेल, तर तो ग्राह्य धरता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२मध्ये ‘लक्ष्मण विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ खटल्यात ठरवले.